ओपनपायएक्सएल, सात महिन्यांनंतर: तक्रार एकाच स्वल्पविरामाची

आमच्या पतसंस्थेचा मासिक अहवाल सात महिने ओपनपायएक्सएलने, म्हणजे एक्सेलच्या फाइली बनवणाऱ्या पायथनच्या लायब्ररीने, काढतोय. लायब्ररी फुकट आहे, माझा निम्मा निर्णय तिथेच झाला होता.

'या महिन्यात' हा कॉलम एकच, पण त्यात सभासद संख्या, ठेवींचे रुपये, एनपीएची (थकीत कर्जांची) टक्केवारी आणि तळाला नफा-तोटा. सगळ्या कॉलमला फॉरमॅट (आकडा कसा दिसावा ते) देऊन पाहिला. आधीच भरलेले सेल ढिम्म. नंबर फॉरमॅट सेलगणिकच द्यावा लागतो. ओळीच्या नावावरून फॉरमॅट निवडणारी डिक्शनरी केली आणि निवांत झालो. टक्केवारीत मात्र पहिल्याच महिन्यात फजिती. ४.२ लिहून टक्क्यांचा फॉरमॅट लावला, तर एनपीए ४२० टक्के! आकडाही नेमका तोच यावा. ०.०४२ लिहायचं असतं.

आता खरं दुखणं. लाख-कोटींच्या स्वल्पविरामांचा (१२,३४,५६७ असे) एक्सेलमधला जुगाड सगळ्यांना माहीत आहे: एकाच फॉरमॅटमध्ये कोटीपासून वर एक साचा, लाखापासून वर दुसरा, उरलेल्यांना साधा. अटी दोनच बसतात. तोटा शून्याखालचा, म्हणून बारा लाखांचा असला तरी तो बिचारा 'उरलेल्यां'त. सभेत अध्यक्षांच्या लॅपटॉपवर उमटलं -१,२३४,५६७. "हे बारा लाख की एक कोटी तेवीस लाख?" सगळे माझ्याकडे बघायला लागले.

माझ्याकडे हे कधी दिसलंच नव्हतं. माझ्या विंडोजचं रीजन इंडिया, तिथे साधा फॉरमॅटही लाखाप्रमाणेच स्वल्पविराम टाकतो. अध्यक्षांचं यूएस.

दोन दिवस लायब्ररीला शिव्या घातल्या. त्या मागे घेतो. तिने माझा साचा जसाच्या तसा फाइलमध्ये ठेवला होता; दोन अटींची मर्यादा एक्सेलच्या फॉरमॅटची. उलट सेलगणिक फॉरमॅट देता येतो, ज्याचा आधी वैताग आला होता, त्यानेच वाचवलं. आता आकडा शून्याखाली असला की कोड उणे लाख, उणे कोटीच्या अटींचा साचा लावतो. (आकडे टेक्स्ट म्हणून लिहा, असं एकाने सुचवलं. मग बेरजेत ते धरलेच जात नाहीत, त्याचं काय?)

तरी एक भोक राहिलंच. हिशेबनीस काका तोट्याच्या सेलवर हाताने नफ्याचा आकडा टाकतात आणि स्वल्पविराम पुन्हा अमेरिकेला जातो. अध्यक्षांचं रीजन बदललं तर फुकटात सगळं मिटेल. पण लॅपटॉप त्यांच्या मुलाचा आहे, आणि तो सेटिंगला हात लावू देत नाही.