इंडक्शन, गृहज्योती आणि सौहार्दमधली ठेव : पावसाळ्याआधीपासूनचा अनुभव

इंडक्शन शेगडी पावसाळ्याच्या तोंडावर घेतली, आता दिवाळी झाली, म्हणून लिहितोय. 'गॅस वाचतंय' एवढं सगळेच सांगतात, पण बेळगावात राहणाऱ्याचा प्रश्न वेगळा, गृहज्योतीचं, म्हणजे कर्नाटक सरकारच्या फुकट विजेच्या योजनेचं, काय होणार? २०० युनिट फुकट म्हणतात खरं, पण सगळ्यांना २०० मिळत नाहीत की. आमच्यासारख्या घराला २०२२-२३ ची महिन्याची सरासरी आणि त्यावर १० टक्के, तेवढाच कोटा. आमची सरासरी ११०, म्हणजे १२१ युनिट. त्याच्या वर गेलं तर वरच्या युनिटांचे पैसे, आणि २०० ओलांडलं की अख्खं बिल आपल्या बोडक्यावर. बिल कन्नडमध्ये येतंय, लेक शाळेत कन्नड शिकते, ती वाचते आणि मी वहीत उतरून घेतो. सध्या माझं सगळ्यात नेमाचं वाचन म्हणजे हेच.

आमचा वापर ९५ च्या आसपास, म्हणजे २५ युनिट असेच वाया जात होते. २००० वॅटची शेगडी फुल्लवर तासाला २ युनिट खाते, मग रोज पंचवीसेक मिनिटं फुकट. सकाळचा चहा, दूध, एक कुकर, बास, एवढंच तिच्यावर करायचं आणि बाकी गॅसवर. १४.२ किलोच्या सिलिंडरचं काम इंडक्शनवर करायला माझ्या हिशोबानं शंभरेक युनिट लागतात, म्हणजे महिन्याला पाव सिलिंडर सुटला. कोट्याबाहेर युनिटला सहा रुपयांच्या आसपास आणि वर टॅक्स, तिथं फायदा फार पातळ होतोय. सगळा स्वयंपाक इंडक्शनवर न्या म्हणणाऱ्यांनी आधी आपलं बिल उघडून बघावं.

शेगडी तशी बरी आहे, ओट्यावर धग येत नाही, एका फडक्यात पुसून होते, फॅनचा आवाज मात्र घुंऽऽ करत राहतोय. खरी खोड दुधात. पॉवर कमी केली की ती मंद चालत नाही, चालू-बंद चालू-बंद करते, त्यामुळं दूध क्षणात उसळतं, क्षणात गप्प बसतं आणि तेवढ्यात खाली लागतं. आईनं घरी कुंदा करायला घेतला तेव्हा अर्धं आटल्यावर पातेलं उचलून गॅसवर नेलं आणि परत त्या शेगडीकडं बघितलं नाही. भाकरी तर विचारूच नका, लोखंडी तवा मधल्या गोलात तापतोय, कडा कच्च्या, आणि फुगवायला जाळ लागतोच की.

आता वाचलेल्या पैशाचं. रक्कम किरकोळच, पण त्या निमित्तानं रात्री जेवणानंतर इंडेक्स फंडाबद्दल, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकात आहेत तेच शेअर घेणाऱ्या म्युच्युअल फंडाबद्दल, वाचत बसायची सवय लागली. जॉन बोगल यांनी अमेरिकेत १९७६ ला सामान्य माणसासाठी असला फंड काढला तेव्हा लोक हसले होते, बाजाराला हरवायचं सोडून बाजाराएवढंच घ्यायचं हे कुणाला पटेना. मी निफ्टी ५० चा (५० मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक) घेतला, डायरेक्ट प्लॅन, म्हणजे मधे एजंट नाही, हे प्लॅन आपल्याकडं १ जानेवारी २०१३ पासून आहेत आणि तरी ओळखीचे एजंट त्यांचं नाव काढत नाहीत, कारण रेग्युलरमध्ये कमिशन दरवर्षी तुमच्याच पैशातून कापलं जातं. एसआयपी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरणं, चालू करून थोडेच महिने झालेत, रिटर्न काय ते आत्ताच सांगण्यात अर्थ नाही.

जास्त उपयोगाचं वाचन ठेवींचं झालं. बेळगावातल्या आमच्या शहापुरात निम्म्या घरांचे पैसे कुठल्या ना कुठल्या सौहार्दमध्ये, म्हणजे पतसंस्थेसारख्या सहकारी सोसायटीत, असतात, व्याज बँकेपेक्षा जास्त. पण ५ लाखांपर्यंतचा ठेव विमा (फेब्रुवारी २०२० पासून, त्याआधी १ लाख) फक्त बँकांना, सहकारी बँक असली तरी चालते, सौहार्द सोसायटी आणि पतसंस्थेला नाही. आईला सांगितलं तर म्हणाली, 'अरे, चेअरमन आपल्याच गल्लीतला आहे की.' म्हटलं, 'आई, गल्लीला विमा नसतोय.' मुदत संपली तशी तिची मोठी ठेव बँकेत आणली, थोडी तिथंच ठेवली, नाहीतर घरात महिनाभर बोलणं झालं असतं.

कुणी शेगडी घेणार असाल तर एक बर्नरचीच घ्या, १६ अँपचा पॉइंट आधी बघून घ्या, आणि भांडी घेताना फ्रिजवरचं चुंबक खिशात टाकून जा, बुडाला चिकटलं तरच घ्या. ॲल्युमिनियमचा जुना कुकर गॅसवरच राहू दे.