विरजणाची पुडी: दही एक नंबर, पण पाकिटावरचं मराठी सुधारा

ऑनलाइन मागवलेली कोरड्या विरजणाची पुडी तीन आठवडे वापरतेय. दूध उकळून ४२ अंशांपर्यंत निवू दिलं, पुडी ढवळली, भांडं टॉवेलात गुंडाळून ठेवलं तर सात तासांत घट्ट कवडी दही लागलं, आंबटपणा पण बेताचा. त्याच दह्याचं विरजण पाच-सहा वेळा चालतं, मग तार यायला लागते आणि नवी पुडी काढावी लागते. दह्याला पैकीच्या पैकी.

तक्रार आहे ती पाकिटाबद्दल. पुढे मोठ्या अक्षरात '२ बॅक्टेरियाज' आणि मागे चक्क 'उपयुक्त विषाणू'! सासूबाईंनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, अगं विषाणू म्हणजे कोरोनाचा तो ना, मी नाही हे खाणार. त्यांचं काय चुकलं? विषाणू म्हणजे व्हायरस, दही लावतात ते जिवाणू. खाण्याच्या वस्तूवर ही चूक चालणारच नाही.

आणि बॅक्टेरिया हा मूळचाच अनेकवचनी शब्द आहे, एक असला की बॅक्टेरियम, त्याला 'ज' लावला की अनेकवचनाचं परत अनेकवचन होतं. आपण बोलताना एकालाही 'हा बॅक्टेरिया' म्हणतो ते मला खटकत नाही, मराठीत रुळलाय तो, पण मग 'दोन बॅक्टेरिया' एवढंच पुरे. त्यापेक्षा जिवाणू लिहा ना, एक जिवाणू, हजार जिवाणू, रूप बदलायची भानगडच नाही.

बरं, ते २ म्हणजे दोन जाती, स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस, मोजायला गेलं तर चमचाभर दह्यात कोट्यवधी जिवाणू असतात. दोघं मिळून दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात आणि त्या आम्लाने दुधातलं प्रथिन गोठतं. बल्गेरिकस तर १९०५ मध्ये स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने जिनिव्हात आपल्या गावाकडच्या दह्यात शोधला होता, असलं काहीतरी छापा की पाकिटावर, लोक आवडीने वाचतील.

कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे मॅडम, विषाणू काय नि जिवाणू काय, दोन्ही एकच. एकच नाहीये हो! म्हणून एक स्टार कापला, पाचपैकी चार. मी मार्करने विषाणू खोडून 'दोन जातींचे जिवाणू' लिहिलंय, सासूबाईंना नीट समजावलं, आता त्या दुपारी ताक मागून घेतात.