आरसा चांगला होता, सुटला होता तो फक्त गोंद

गेल्या मे महिन्यात नागपुरात दिवसभर उन्हात उभ्या असलेल्या माझ्या गाडीचा आतला आरसा, म्हणजे मागची वाहने दिसावीत म्हणून समोरच्या काचेवर बसवलेला, निखळून सीटवर पडलेला आढळला. जवळच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात मी तो घेऊन गेलो. दुकानदाराने आरसा हातात उलटसुलट करून सांगितले, "साहेब, याचा होल्डरच गेला. नवा लावावा लागेल, कंपनीच्या केमिकलने पक्का बसवून देतो." त्याने २,४०० रुपये सांगितले आणि मला बाहेर चहा घ्यायला पाठवले. मी गेलो, हीच माझी पहिली चूक. दुसरी चूक अशी की जुना आरसा परत मागितला नाही आणि "मिरर फिटिंग" एवढेच लिहिलेली साधी चिठ्ठी बिल म्हणून घेतली.

सहाव्या दिवशी वर्धा मार्गावर गाडी चालू असताना नवा आरसा शेजारी बसलेल्या पत्नीच्या मांडीवर पडला. गाडीचा वेग कमी होता आणि मागे ट्रक नव्हता, म्हणून निभावले.

दुसऱ्या मेकॅनिकने काचेपाशी टॉर्च धरला तेव्हा सारा प्रकार उघड झाला. आरसा काचेला थेट चिकटलेला नसतो; काचेवर नाण्याएवढे धातूचे बटण चिकटवतात आणि आरशाची दांडी त्यावर सरकवून बारीक स्क्रूने आवळतात. उन्हाने वर्षानुवर्षे तापून बटणामागचा गोंद सुटतो, त्यात आरशाचे काही बिघडत नाही. बटण होते तिथे काचेवर पांढरट धुरकट वलय होते, जे साधा झटपट चिकटणारा गोंद भरपूर वापरला की उमटते. हा गोंद ठिसूळ असतो, त्यामुळे तापलेल्या काचेवर गाडीचे हादरे त्याला फार दिवस सोसत नाहीत. शिवाय बटणाची निमुळती बाजू वर हवी, तीही खाली केली होती.

योग्य कामात जुना गोंद ब्लेडने खरवडतात, काच स्पिरिटने पुसतात, बटणाची जागा काचेच्या बाहेरून मार्करने आखतात, मग खास आरशासाठी मिळणाऱ्या संचातील प्रायमर लावून तो सुकू देतात आणि गोंदाचा एक थेंब घालून बटण मिनिटभर दाबून धरतात. आरसा मात्र लगेच लटकवायचा नसतो. माझ्या मेकॅनिकने गाडी रात्रभर ठेवून घेतली. साहित्यासह त्याने ३५० रुपये घेतले.

मी परत त्या दुकानात गेलो तेव्हा जुना आरसा "भंगारात गेला" असे उत्तर मिळाले. परंतु तो काउंटरमागच्या फळीवर, मुलीने चिकटवलेल्या निळ्या फुलपाखराच्या अर्धवट निघालेल्या स्टिकरसह, विक्रीच्या मालात ठेवलेला मी ओळखला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करतो, असे सांगितल्यावर आरसा आणि १,५०० रुपये परत मिळाले. मजुरीचे म्हणून कापलेले ९०० रुपये अद्याप मिळालेले नाहीत, त्यांची तक्रार मी नोंदवली आहे. तोच जुना आरसा, होल्डरसकट, आज गाडीत घट्ट बसलेला आहे.