ट्रेकसाठी स्वतः छापलेले नकाशे: नऊ महिन्यांचा अनुभव आणि ती १० सेंटिमीटरची रेघ

‘ताई, पानात बसत नव्हतं, मी बसवून दिलं,’ असं माझा नकाशा छापून देताना प्रिंटवाले दादा म्हणाले, तेव्हा मी त्यांचे आभार मानून पैसे दिले होते. त्या बसवून देण्यामुळे जानेवारीत आम्ही पाच जण रात्री पावणेआठ वाजता हरिश्चंद्रगडाजवळच्या खुबी फाट्यावर अंधारात उभे होतो. म्हणून आधी तेच लिहिते, नकाशे कुठून घ्यायचे ते नंतर.

गेल्या ऑक्टोबरपासून मी प्रत्येक ट्रेकचा नकाशा स्वतः तयार करून छापते. क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं फुकट सॉफ्टवेअर, त्यात ओपनटोपोमॅप या डोंगर-वाटा दाखवणाऱ्या ऑनलाइन नकाशाचा थर, आणि प्रिंट लेआउटमध्ये १:२५,००० हे प्रमाण टाकून ए३ ची (ए४ च्या दुप्पट पानाची) पीडीएफ. हे बहुतेकांना माहीत असेल. फोन असताना कागद कशाला, असं घरी अजूनही विचारतात. घाटाखाली उतरलं की रेंज जाते आणि बॅटरी दुपारीच निम्म्यावर येते, हे एक कारण. त्याहून मोठं कारण म्हणजे कागद जमिनीवर पसरला की पाचही जण त्याच्याभोवती बसतात आणि वाट सगळ्यांची होते. फोन एकाच्याच हातात राहतो.

जानेवारीत हरिश्चंद्रगडाला गेलो, खिरेश्वरहून टोलार खिंडीच्या वाटेने. मी, धाकटा भाऊ, वहिनी, त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा आणि माझी एक मैत्रीण. शनिवारी गावात मुक्काम केला, रविवारी पहाटे निघालो. आदल्या आठवड्यात मी नकाशावर दोरा लावून वाट मोजली होती. दोरा २२ सेंटिमीटर भरला. १:२५,००० ला ४ सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, म्हणजे गडावरच्या देवळापर्यंत साडेपाच किलोमीटर. लहान मूल बरोबर असल्यामुळे ताशी दोन किलोमीटर धरले, वर दोन तास थांबायचे धरले आणि त्यावरून कल्याणची संध्याकाळची एसटी नक्की केली.

खिंडीत पोचलो तेव्हाच आम्ही बरेच मागे होतो. आम्ही सगळ्यांनी मिळून भाच्याला बोललो. सारखा थांबतोस, दगड कसले गोळा करतोस, पाय उचल. वर पोचेपर्यंत त्याचा चेहरा पार उतरला होता. उतरतानाही तेच. गावात आलो, धरणाच्या भिंतीवरून फाट्यापर्यंत जवळजवळ पळत गेलो, पण एसटी निघून गेली होती. शेवटी जुन्नरकडून टोमॅटो घेऊन निघालेल्या एका टेम्पोवाल्याने कल्याणपर्यंत सोडलं. त्याने पैसे घ्यायला नकार दिला. वहिनीने उरलेले तिळाचे लाडू त्याच्या हातात ठेवले.

दुसऱ्या दिवशी मुलुंडला घरी नकाशाखालच्या रेषाप्रमाणावर, म्हणजे अंतर दाखवणाऱ्या रेघेवर, पट्टी ठेवली. एक किलोमीटरचा भाग ४ सेंटिमीटर असायला हवा होता. तो २.८ भरला. ए३ चं पान ए४ वर ‘फिट’ करून छापलं होतं आणि मी कागदाचा आकार बघून ते ओळखलं नव्हतं. ए३ वरून ए४ वर आलं की प्रत्येक लांबी ०.७ पट होते. माझा १:२५,००० चा नकाशा प्रत्यक्षात १:३५,००० च्या आसपास गेला होता आणि कोपऱ्यात आकडा मात्र १:२५,००० हाच होता. साडेपाच वाटलेली वाट पावणेआठच्या आसपास होती. जाऊन-येऊन साडेचार किलोमीटर जास्त, आमच्या चालीने सव्वादोन तास. भाचा अगदी ठरलेल्या वेगाने चालत होता. त्याला फोन करून मी हे आकड्यांसकट सांगितलं. तो म्हणाला, ‘आत्या, म्हणजे मी स्लो नव्हतो ना?’ नव्हतास रे बाळा. एकदाही नव्हतास.

दुकानदारावर माझा राग आहेच. विचारल्याशिवाय कुणाच्याही पानाचं माप बदलू नये. पण व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवली की तिथल्या संगणकावर प्रिंटची खिडकी बहुतेकदा ‘फिट’वरच उघडते आणि रांगेत दहा माणसं उभी असतात. म्हणून आता मी माझ्या बाजूने बंदोबस्त करते. शाळेच्या भूगोलात शब्दप्रमाण, अंकप्रमाण आणि रेषाप्रमाण शिकवतात. कागद लहान-मोठा झाला की पहिली दोन खोटी पडतात. रेषाप्रमाण नकाशाबरोबरच आक्रसतं, म्हणून तेवढं खरं राहतं. रेषाप्रमाण नसलेला नकाशा छापूच नका. शिवाय मी प्रत्येक पानावर तळाशी काळी, जाड, बरोबर १० सेंटिमीटरची रेघ काढते आणि खाली लिहिते: ‘ही रेघ १० सेंमी भरली नाही तर पान चुकीचं आहे.’ पर्समध्ये पट्टी असते. दुकानात पहिलं पान निघालं की काउंटरवरच मोजते. साडेनऊ भरलं तरी परत, कारण ‘अ‍ॅक्चुअल साइज’ न निवडता ए३ वर ए३ छापलं तरी समासासाठी पान थोडं आक्रसतं. दोन दुकानदारांनी कटकट केली. तिसऱ्याने पट्टी हातात घेऊन स्वतः मोजलं, मी आता तिथेच जाते.

आता नकाशांबद्दल. ऑक्टोबरात माझं ठाम मत होतं की भारतीय सर्वेक्षण विभागाचीच शीट घ्यावी, बाकी सगळं हौशी. ही संस्था १७६७ सालची, मुख्यालय डेहराडूनला. २००५ च्या नकाशा धोरणानंतर नागरिकांसाठी ओपन सीरीज शीट निघू लागल्या आणि २०१७ पासून १:५०,००० च्या शीट पीडीएफमध्ये फुकट उतरवता येऊ लागल्या. वाड्या, विहिरी, देवळं, टेकड्यांच्या उंचीचे आकडे यांत त्यांच्या तोडीचं दुसरं काही नाही. एका वाडीचं नाव शीटवर वाचून आम्ही गावात विचारलं, तर म्हाताऱ्या आजोबांनी लगेच हात करून वाट दाखवली. फोनमधल्या नकाशात ती वाडी नव्हतीच.

पण मत बदललं. शीटच्या समासात सर्वेक्षणाचं वर्ष लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. त्यानंतर झालेले रस्ते आणि धरणं त्यावर कुठून असणार? पायवाटांच्या बाबतीत ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला नकाशा पुढे आहे, कारण चालून आलेले लोकच आपल्या जीपीएसच्या नोंदींवरून त्या वाटा भरतात. ओपनटोपोमॅप त्याच माहितीवर उभा आहे. त्याचे कंटूर (समान उंचीच्या रेषा) मात्र फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानातून झालेल्या रडार मोजणीतले आहेत. डोंगराचा एकूण आकार त्यातून नीट कळतो, पण उभ्या कड्याला ते गुळगुळीत करून टाकतात. कोकणकड्यासारखा आत वळलेला कडा तर कोणत्याच कंटूरमध्ये मावत नाही. त्यामुळे आता वाट ओपनटोपोमॅपवरून घेते आणि नावं शीटवरून बघून त्यावर काळ्या पेनाने देवनागरीत लिहिते. दोन्ही कागद बरोबर नेते.

ही शीट छापायची तर एक अडचण आहे. १५ मिनिटं बाय १५ मिनिटांचा तो चौकोन आपल्याकडे सुमारे ५३ बाय ५५ सेंटिमीटर होतो, म्हणजे ए१ लागतो. फोर्टात आर्किटेक्टांची कामं करणाऱ्या एका प्लॉटरवाल्याकडे मला तो १५० रुपयांना पडला. दोनदा घेतला, मग सोडलं. आता पोस्टर पद्धतीने, म्हणजे तुकडे करून, चार ए३ पानं छापते, कडा थोड्या एकमेकींवर येतील अशा ठेवते आणि मागून चिकटवते. शीटवर माझी रेघ नसते, तिथे अक्षांशाच्या खुणा कामाला येतात. १:५०,००० ला पाच मिनिटांचं अंतर सुमारे १८.४ सेंटिमीटर भरायला हवं.

क्यूजीआयएसवाल्यांसाठी एक गोष्ट, जी शोधायला मला तीन रविवार लागले. एक्सपोर्ट करताना ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) ठेवलं तर ते ऑनलाइन नकाशाचे जास्त झूमचे तुकडे उचलतं आणि गावांची नावं मुंगीएवढी येतात. १५० ठेवा, चष्मा न लावता वाचता येतील. आणि फोनचा स्क्रीनशॉट कधीही छापू नका. १०८० पिक्सेल ए४ च्या रुंदीवर ताणले की इंचाला जेमतेम १३० ठिपके येतात.

लॅमिनेशनचंही कौतुक मी डिसेंबरपर्यंत सगळ्यांना सांगत होते, ते मागे घेते. लॅमिनेट केलेला कागद घडी होत नाही, त्यावर पेन चालत नाही आणि उन्हात चमकतो. जूनच्या पहिल्या पावसात घरच्या इंकजेटवर छापलेलं पान पाचच मिनिटांत निळं-हिरवं ओघळलं, तर दुकानातला लेझर प्रिंट भिजूनही शाबूत राहिला. लेझर प्रिंट आणि झिप पाउच, बस. पैसे वाचवायला काळा-पांढरा काढायचा मोह होतो, मलाही झाला होता. त्यात तपकिरी कंटूर आणि हिरवं जंगल एकाच राखाडीत बुडतात. रंगीत ए३ ला आमच्याकडे ३० रुपये घेतात. ते द्यावेत.

सगळ्यात जास्त आनंद मात्र ट्रेकने नाही, मावशीने दिला. मार्चमध्ये ती नागपूरहून आली. वय ६८, स्मार्टफोन वापरत नाही आणि कुणाला वाट विचारायला संकोचते. मॅपओएसमॅटिक या नकाशे बनवून देणाऱ्या संकेतस्थळावरून तिच्यासाठी सीएसएमटी ते गेटवे असा नकाशा काढला. त्यात चौकोन पाडलेले असतात आणि रस्त्यांची सूची मिळते. १:१०,००० ला एका ए४ मध्ये सगळं फोर्ट आरामात बसतं. एशियाटिकच्या पायऱ्या, हुतात्मा चौक, काळा घोडा मी लाल पेनाने गोल करून दिलं आणि एका सेंटिमीटरला १०० मीटर होतात तेही सांगितलं. मला ऑफिस होतं. ती सकाळी एकटी गेली, संध्याकाळी साडेचारला एकटी परत आली आणि पान उघडून कुठे चहा घेतला ते बोटाने दाखवलं. ते पान घडी घालून ती नागपूरला घेऊन गेली.

पुढच्या रविवारी खांडसहून भीमाशंकर आहे. पावसात शिडी घाटाच्या शिड्या निसरड्या होतात, म्हणून गणेश घाटानेच जाणार, लांब पडला तरी. दोन ए३ पानं कालच काढली. या वेळी भाचा दुकानात बरोबर होता. दुकानदारांच्या हातातून पान घेऊन त्याने काउंटरवर पट्टी ठेवली, दोनदा मोजलं आणि रेघेच्या शेजारी पेन्सिलीने ‘१० बरोबर’ असं लिहून खाली सही केली.