पेन टॅब्लेट: दहा महिने, तीन निबा

जूनमध्ये कॉलेज सुरू व्हायच्या आधी, वर्गात प्रोजेक्टरवर लिहून शिकवायला साडेतीन हजारांचा पेन टॅब्लेट घेतला. पदरचे पैसे घालून. सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, गणित शिकवणाऱ्याला तासाला काय मिळतं ते माहीत असलेल्यांना ही रक्कम लहान वाटणार नाही. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, या किमतीत सगळे उन्नीस-बीसच आहेत.

याला स्क्रीन नसते. काळी प्लास्टिकची पाटी, ती केबलने लॅपटॉपला जोडायची. लिहायचं पाटीवर, बघायचं लॅपटॉपकडे. पहिले पंधरा दिवस माझं अक्षर बालवाडीतलं होतं. इंटिग्रलचं चिन्ह काढायला जावं आणि गांडूळ उमटावं. हात बसतो, पण घरी रोज अर्धा तास गिरवल्यावर. मी थेट टीवायच्या (पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या) वर्गात प्रयोग केला. पोरं हसली नाहीत, तेच जास्त लागलं.

मग वर्तुळाचा घोळ. कॉम्प्लेक्स ॲनालिसिसच्या तासाला युनिट सर्कल काढलं तर समोर अंडं. लॅपटॉपची स्क्रीन 16:9, आमचा जुना प्रोजेक्टर 4:3. तो जोडला की रिझोल्यूशन बदलतं आणि पाटीचं माप मात्र तेच राहतं. टॅब्लेटसोबतच्या सॉफ्टवेअरच्या (ड्रायव्हरच्या) सेटिंगमध्ये पाटी आणि स्क्रीनचं प्रमाण जुळवायची एक चौकट असते, तिथे टिक करायची. पाटीची थोडी कड वाया जाते, जाऊ दे.

खोक्यावर मोठ्या अक्षरात 8192 प्रेशर लेव्हल लिहिलेल्या असतात. म्हणजे जितकं दाबाल तितकी रेघ जाड. चित्रकाराला उपयोगी असेल, माझा त्यानेच घात केला. मायनस आपण सगळेच हलक्या हाताने ओढतो. लॅपटॉपवर तो दिसायचा, प्रोजेक्टरवर मागच्या बाकांना नाही. एक मुलगी वही घेऊन आली, "सर, उत्तर जुळत नाहीये." वहीत दोन पदांच्या मध्ये नुसती मोकळी जागा! त्या दिवसापासून प्रेशर बंद आणि रेघ एकाच जाडीची.

पेनाला बॅटरी नाही ही मोठी सोय. पाटीखालच्या तारांच्या चुंबकीय क्षेत्रातून पेन लागेल तेवढी वीज घेतं, त्यामुळे चार्जिंग विसरलो ही भानगड नाही. निब, म्हणजे पेनाचं टोक, मात्र झिजते. तीन-साडेतीन महिन्यांत ती एका बाजूने तासल्यासारखी होते आणि पाटीवर ओरखडे पाडायला लागते. सध्या तिसरी चालू आहे. लिहायला ओपनबोर्ड नावाचं सॉफ्टवेअर वापरतो. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे. त्याचं मूळ स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठात. शिकवणाऱ्यांसाठी बनवलेलं आहे हे बटणं बघूनच कळतं. पान भरलं की पुढचं घ्यायचं, तास संपला की सगळ्याची पीडीएफ.

आता फळ्याचं. मला वाटलं होतं खडू सुटेल. नाही सुटला. लिमिटची एप्सिलॉन-डेल्टावाली सिद्धता सांगताना चार ओळी वरचं गृहीतक बोटाने दाखवावं लागतं, आणि फळ्यावर ते तिथेच असतं. स्क्रीनवर ते मागच्या पानावर गेलेलं असतं. शिवाय लाईट गेली की खेळ खलास. पण पीपीटी मात्र मी पूर्ण सोडली. तिथे अख्खी सिद्धता एका क्लिकसरशी अंगावर येते, मुलं ती वाचतात आणि समजली असं समजतात. पेनाने ओळ ओळ लिहिताना मीही अडखळतो, खोडतो, आणि त्या खोडण्यातच निम्मं शिकवणं होतं.

पीडीएफने एक नवं दुखणं आणलं. सुरुवातीला ती त्याच संध्याकाळी ग्रुपवर टाकायचो. दिवाळीनंतर बघतो तर वर्गात वह्याच उघडेनात. "सर टाकणारच आहेत." गणित बघून येत नाही हे कितीदा सांगणार? आता पीडीएफ शनिवारी टाकतो, आणि प्रत्येक उदाहरणातल्या दोन पायऱ्या पुसून. ग्रुपवर थोडी कुरकुर झाली. वह्या मात्र परत बाकांवर आल्या.

आठव्या महिन्यात मायक्रो यूएसबीचं भोक ढिलं झालं. केबल एका विशिष्ट कोनात धरली तरच पाटी जागी होते, म्हणून खाली डस्टर टेकवून ठेवतो. कंपनीला मेल केला, हे वॉरंटीत बसत नाही असं उत्तर आलं. घेणार असाल तर टाइप-सीवालाच बघा, आणि फार छोटा घेऊ नका. सहा बाय चार इंचांच्या पाटीवर सगळं मनगटातून लिहावं लागतं. सलग दोन तास झाले की माझं मनगट संध्याकाळी भाकरी मोडायलाही तयार नसतं.