गंगापूर रोडवरील जपानी संभाषणवर्ग : मनातले बोलायला शिकवणारा

जेएलपीटी या जपानी भाषेच्या प्रमाणपत्र परीक्षेत बोलण्याचा विभागच नसल्यामुळे तिची एन४ ही खालून दुसरी पातळी उत्तीर्ण झालेल्यांनाही जपानीतून आनंद किंवा नाराजी सहजपणे व्यक्त करणे अनेकदा जमत नाही. नाशिकमध्ये गंगापूर रोडवर चालणारा हा सायंकाळचा वर्ग नेमकी तीच उणीव भरून काढतो, म्हणून तो मला फार मोलाचा वाटतो. स्वतःच्या दुःखासाठी ‘कानाशी’ चालते, परंतु दुसऱ्याच्या मनातले ठामपणे सांगणे जपानीत खटकते, म्हणून तिथे ‘कानाशीसोऽ’, म्हणजे दुःखी दिसतो, असे म्हणावे लागते. हा नियम बाईंनी नुसता फळ्यावर न लिहिता, सातपूरच्या कारखान्यातील सहकाऱ्याच्या बदलीचा प्रसंग आमच्याकडून वदवून घेत शिकवला. वाक्याच्या शेवटी येणारा ‘ने’ समोरच्याला आपल्या भावनेत सामील करून घेतो. तो कुठे लांबवावा आणि कुठे हळूच सोडावा, यासाठी त्यांनी भरपूर वेळ दिला व तो सार्थकी लागला. मित्रांमधली अनौपचारिक बोली मात्र घाईत उरकली जाते, तिला आणखी काही तास मिळायला हवेत. एन५ या सर्वांत सोप्या पातळीची तयारी झालेल्यांनी इथे अवश्य प्रवेश घ्यावा. अगदी नवख्यांनी आधी हिरागाना ही जपानीची प्राथमिक लिपी पक्की करावी.