टेक्स्ट टू कॉलम्स की फ्लॅश फिल?
एकाच रकान्यात कोंबलेले पत्ते सुटे करायचे आणि स्वल्पविराम नेमाने पडलेले असतील, तर एक्सेलमध्ये मी डोळे झाकून 'टेक्स्ट टू कॉलम्स' वापरते. उजवीकडे आधी रिकामे रकाने घाला. नाहीतर सुटे झालेले तुकडे शेजारच्या मजकुरावर पडतात. तसा इशारा येतो, पण घाईत ओके दाबलं की तिथला मजकूर गेलाच. परदेशी पत्त्यातल्या ०४५६ सारख्या पोस्टाच्या कोडचं ४५६ होऊ नये म्हणून शेवटच्या पायरीत त्या रकान्याला 'टेक्स्ट' निवडा.

नावांचं मात्र अवघड. कुणाचं दोन शब्दांचं, कुणाचं चार. स्पेसवर तोडलं की आडनाव कुठेही जाऊन बसतं. तिथे एक्सेल २०१३ पासूनचं 'फ्लॅश फिल' बरं. एक-दोन आडनावं शेजारी टाइप करा, कंट्रोल-ई दाबा. पण ते अंदाजाने भरतं, चुकलं तरी गुपचूप. चार शब्दी नावं तेवढी डोळ्यांखालून घाला.